मायचं चालणं

आमचा मळा रिसोडपासून दोन कोसांवर होता. बाजाराच्या दिवशी माझी माय डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन निघायची. शेजारच्या मळ्यातली तिची मैत्रीण बांधावर वाट पाहत उभी असायची. ती विधवा होती आणि मायपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. मी तिला मावशी म्हणायची. दोघी पुढे आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या कवटाळून मी मागे, अशी आमची वाट सुरू व्हायची.

डोक्यावर वजन असल्यामुळे त्यांना एकमेकींकडे वळून बघता येत नसे. दोघी समोर रस्त्याकडे बघतच बोलायच्या. हसू आलं तर मान स्थिर ठेवून हसायच्या, फक्त खांदे हलायचे. मला सगळी वाट त्यांच्या पाठीच दिसायच्या. मायची पाठ ताठ नव्हती, सरळ होती. ताठ आणि सरळ यांतला फरक मला तेव्हा सांगता आला नसता, आता येतो. ताठ माणूस आखडलेला असतो. माय चालताना सैल असायची, हात मोकळे, लुगड्याचा काठ पोटरीवर लयीत हलणारा. तिचा चेहरा मला आता नीट आठवत नाही, पण ती पाठ आठवते. आणि ती पुन्हा एकदा बघायला मिळावी असं या वयात फार वाटतं.

मग बानं बैलबंडी घेतली. बैल आमचे होतेच. त्यानं मोठ्या हौसेनं बंडी दारात आणली आणि मायला म्हणाला, "आता तुही मान मोकळी झाली. लय वाह्यलं तू. आता घरी राय."

त्यानं ते मायेनंच केलं होतं. आल्यागेल्या बायका तिला नशीबवान म्हणाल्या. मायही हसली. पुढच्या बाजाराला बा भाजी भरून बंडीत बसून गेला आणि माय मळ्यात निंदायला बसली.

बसली ती वर्षभर बसलीच. सकाळपासून दिवस कलेपर्यंत उकिडवी, खुरपं हातात, नजर मातीत. मावशी बाजाराला एकटी जायची आणि येताना वाट लांब पडू नये म्हणून परस्पर घरी जायची. बोलायला कुणी नव्हतं. त्याच साली मायचं दर महिन्याचं बाहेर बसणं थांबलं. तिच्या अंगातून अचानक वाफा निघायच्या, घामानं चोळी भिजायची आणि लगेच हुडहुडी भरायची. पहाटेच जाग यायची. लहानसहान गोष्टींवरून ती माझ्यावर ओरडायची आणि नंतर वेणी घालताना उगाच जास्त तेल लावायची. उठताना गुडघ्यावर हात टेकायची. खांदे पुढे आले, मान त्यांच्यात बुडाली. मी एरंडीची पानं तव्यावर तापवून तिच्या कमरेला बांधायची, विटेचा शेक द्यायची. बा कुठून कुठून तेलं आणायचा. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

एके दिवशी मावशीच्या विहिरीला पाणी कमी पडलं म्हणून ती आमच्याकडे घागर घेऊन आली. मायला वाफ्यातून उठताना तिनं पाहिलं.

"काय वं बाई! कुबड काढून राह्यली तू?"

मायच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "पाठ लय दुखते वं. वय झालं आता."

"मी मोठी हाव तुह्यापेक्षा. मले काहून नाही झालं वय?"

मावशीनं घागर खाली ठेवली. जुन्या लुगड्याची चुंबळ केली, मायच्या डोक्यावर ठेवली, तिच्यावर रिकामं टोपलं आणि त्यात मेथीच्या चार जुड्या. "चाल धुऱ्यानं," बांधाकडे बोट दाखवून ती म्हणाली.

"नाही होत आता."

"चाल तं खरी."

माय दहा पावलं गेली आणि टोपलं कलंडलं. जुड्या पाटाच्या पाण्यात पडल्या. मी धावत जाऊन त्या गोळा केल्या. मावशी हसली नाही. तिनं मायच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि ते हळूच खाली दाबले.

"खांदे सोड. पायाकडं नोको पाहू, पायाले वाट मालूम हाय. त्या बाभळीकडं पाह्य. आन् श्वास घे, रोखून काहून धरला?"

त्या दिवशी माय बाभळीपर्यंत पोचली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मावशी मात्र रोज सकाळी यायची. निंदतानाही एक वाफा झाला की उठायचं, कमरेवर हात ठेवून आभाळ बघायचं, असं तिनं मायला बजावलं होतं. माय विसरली तर मी आठवण करून द्यायची. दहा-बारा दिवसांनी माय बाभळीला हात लावून आली. तोंड लाल झालेलं, चुंबळ एका कानावर उतरलेली. पण त्या दिवशी भाकरी थापताना ती गुणगुणत होती.

बाला हे आवडलं नाही. "अवं, बंडी हाय नं दारात! लोक काय म्हनतीन? बायकोले वाहाले लावते म्हनतीन."

माय चुलीपुढून उठली. गुडघ्यावर हात न टेकता उठली, हे मी पाहिलं.

"वझं नाही पायजे मले," ती म्हणाली. "मले चालाचं हाय. तिच्यासंगं चालाचं हाय."

बा ताटावरून उठला. हात धुवून बाहेर गेला, बैलांना कडबा टाकला. परत आला तेव्हा दाराशीच उभा राहून म्हणाला, "मंग मेथी तू नेत जाय. बंडीत मेथी कोमेजते."

मेथी बंडीत कोमेजत नव्हती. वरून ओलं फडकं टाकलं की चांगली राहायची. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

माय पुन्हा रिसोडला चालत जाऊ लागली. पाठ पहिल्यासारखी झाली नाही, उजवा खांदा शेवटपर्यंत थोडा पुढेच राहिला. वाफाही लगेच थांबल्या नाहीत. पण तिला झोप लागायला लागली, आणि ओरडली तरी मागाहून स्वतःच हसायची.

असं दीड वर्ष चाललं. मग मावशीची आसेगावची लेक बाळंतपणातून उठेना. घरात दुसरी बाई नव्हती, लेकरं लहान. मावशी मळा दिराच्या हवाली करून निघाली. बाजाराच्याच दिवशी, रिसोडपर्यंत आमच्याबरोबर चालत आली. गावाच्या तोंडाशी तिला न्यायला जावयाची बंडी उभी होती.

मायनं डोक्यावरचं टोपलं उतरवून भर रस्त्यात ठेवलं आणि तिला मिठी मारली. "कवा येशीन?"

"पोरगी उठली का येतो."

पोरगी उठली नाही. मावशी तिथलीच झाली. त्या काळात आसेगाव म्हणजे आम्हाला दुसऱ्या मुलुखासारखंच दूर. बा दोनदा मायला घेऊन जायला निघाला, एकदा बैल लंगडला, एकदा माझं लग्न ठरलं.

लग्नानंतर मी किन्हीराजाला आले. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आसेगावकडून फिरत आलेला एक कासार ओसरीवर बसून मला बांगड्या भरत होता. मायनं त्याला मावशीची ओळख सांगितली. त्यानं तिला ओळखलं. बाई बऱ्या आहेत, नातवंडं मोठी होताहेत, म्हणाला.

"चालते कशी थे?" मायनं विचारलं.

कासार गोंधळला. "आता चालते कशी, हे मी काय पाह्यलं बाई? मी हात पाहातो."

मायनं त्याला भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला. तो जेवून उठेपर्यंत ती खांबाला टेकून उभी होती.

"पुढच्या खेपेले पाहून येजो," ती म्हणाली. "दुरून पाह्यलं तरी चालते. मले सांगजो फक्त."

त्यानं मान डोलावली. पुढच्या वर्षी त्या वाटेनं दुसराच कासार आला.