दुसऱ्या मालिकेतली माणसं

लोणारच्या स्टँडवरून माझी बस हलली तेव्हा माय रडत नव्हती. ती खिडकीखालून बसबरोबर चालत होती आणि विचारत होती, "मंग त्या बाईचं काय झालं?" आदल्या दुपारी मेथीच्या जुड्या बांधताना मी तिला एका मालिकेतल्या भागाची गोष्ट सांगायला घेतली होती आणि बॅग भरायची म्हणून मधेच उठले होते. आता मी पुण्याला नोकरीला निघालेली, बाबा गप्प उभे, आणि माझ्या आईचा जीव अडकला होता तो बंद दारामागं राहिलेल्या एका परदेशी बाईत. गाडीनं वेग घेतला. मी डोकं बाहेर काढून ओरडले, "मेली ते, माय! कोनी नाही आलं!"

सगळी बस गप्प झाली. शेजारच्या म्हातारीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कंडक्टर जवळ आला आणि गाडी थांबवायची का, असं हळूच विचारू लागला. ही बाई टीव्हीतली आहे हे सांगायची माझी छाती झाली नाही. मेहकरपर्यंत म्हातारीनं मला पाणी पाजलं, धीर दिला. गेलेली बाई नात्यात कोण, असं तिनं विचारलं तेव्हा मी "जवळची" एवढंच म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

लोणारात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहितेय. दोघांनीही मला या वेडावरून भरपूर ऐकवलंय. गावाकडचे म्हणतात, एवढी शिकलीस आणि भुताखेताच्या इंग्रजी मालिका पाहतेस. इकडचे म्हणतात, पाहा खुशाल, पण त्याबद्दल बोलताना जरा शुद्ध बोल. तुमच्यापैकी कुणाचंही मी ऐकलेलं नाही.

हे वेड आणलं गजूनं. गजू माझा शाळेपासूनचा वर्गमित्र, स्टँडजवळ त्याचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही चार-पाच जण ती ब्रिटिश विज्ञानमालिका पाहायला जमायचो. मूळ मालिकेत एक प्रवासी काळातून हिंडत असतो. संकट आलं की ऐनवेळी येऊन पोचतो, सगळ्यांना वाचवतो आणि निघून जातो. ती आम्हाला आवडायचीच, पण जीव जडला तो तिच्यातून फुटलेल्या दुसऱ्या मालिकेवर. ती काळोखी. तिच्यात प्रवासी येतच नाही. एकाच शहरात राहणारी मोजकी माणसं, आभाळातून जे काही पडेल ते निस्तरत बसतात. दमतात, एकमेकांवर खेकसतात, मरतातसुद्धा. गजू पहिल्याच भागाला म्हणाला होता, "हे तर आपली मालिका हाय बे." ज्यांच्या गावात आभाळातून दगड पडून तळं झालं, त्यांना हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

मायला इंग्रजी येत नाही. म्हणून प्रत्येक भाग मी तिला आमच्या बोलीत सांगायची. अंगणात मेथीचा ढीग, तिच्या हातात सुतळी, आणि दर वाक्याला तिचा हुंकारा. आमच्याकडे कहाणी सांगायची तर ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर सांगणारा थांबतो. मी एकदा लहानपणी काऊन, असं का, म्हणून विचारलं, तर माय म्हणाली, "हूं नसला की कहानी वाट चुकते." त्या परदेशी शहरातली सगळी भुतं अशी मायच्या हुंकाऱ्यावर वाट काढत आमच्या अंगणापर्यंत आली.

पुण्यात आले तेव्हा वाटलं होतं, आता खरे चाहते भेटतील. भेटलेही. रविवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर आम्ही जमतो, पडदे ओढतो, कॉफी होते, मग दुसऱ्या मालिकेतला एखादा भाग लावतो आणि त्यावर कडाकडा भांडतो. पहिल्याच रविवारी मी सवयीनं टीव्हीला "हूं" म्हटलं. सगळे वळून पाहू लागले. त्यांच्यात भाग चालू असताना चकार शब्द काढायचा नसतो. पुढं चर्चेत मी "मले तर थो मानूस आवडलाच नाही" म्हणाले आणि खोलीभर हशा पिकला. हसण्यात दुष्टपणा नव्हता, हे मला कळत होतं. झोंबायचं ते झोंबलंच. पण मी जात राहिले, आणि बोलतही राहिले. माझी जागा सोडून द्यायला मी काही उपटसुंभ नव्हते. त्या मालिकेतला कोण कधी मरतो, हे मला त्यांच्याइतकंच पाठ होतं.

मग आमच्या या रविवारच्या मंडळानं ठरवलं की त्या काळोख्या मालिकेच्या धर्तीवर आपणच एक मराठी भाग लिहायचा आणि छोटा हॉल घेऊन त्याचं जाहीर वाचन करायचं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तो लोणारला घडवला. तळ्यात पुन्हा काहीतरी पडतं. अधिकारी वरून मदत येणार, येणार असं सांगत राहतात, ती येत नाही. भाजी पिकवणारी कमलबाई गावातल्या तिघाचौघांना हाताशी धरते, सगळ्यांना तळ्याच्या उतारावरून वर पाठवते आणि स्वतः खाली पाण्याजवळ थांबते.

अद्वैतनं ते वाचलं. अद्वैत आमच्या मंडळाचा म्होरक्या, माणूस सरळ. त्याला गोष्ट फार आवडली. फक्त कमलबाईनं प्रमाण मराठीत बोलावं, असं त्याचं म्हणणं पडलं. बोली गोष्टीतल्या चहावाल्याच्या तोंडी ठेवू, तेवढीच गंमत. मी काऊन विचारलं. तो संकोचला, पण बोलला. "लोकांना हसू येईल गं. या भाषेत भीती कशी वाटणार?"

मला संताप आला. आमच्याकडे माणसं घाबरत नाहीत का? आमच्याकडे कुणी मरायला लागलं तर आधी पुण्याहून भाषा मागवतं का? गडगडाटात, दवाखान्याच्या बाकावर, रोग पडलेल्या वांग्याच्या वाफ्यात उभं राहून आम्ही याच भाषेत घाबरतो. हे सगळं मी त्याला तिथंच सुनावलं. शेवटी सांगितलं की कमलबाई बोलेल ती अशीच बोलेल, आणि वाचणार मी. पसंत नसेल तर गोष्ट माझी आहे, मी ती घेऊन जाते. तिसऱ्या दिवशी अद्वैतचा निरोप आला, "वाच. पण हॉल हसला तर पुढच्या वेळी माझं ऐकायचं." मी कबूल झाले.

मी मायला बोलावून घेतलं. ती देवळात जावं तसं नवं लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत बसली. हॉल भरला होता. मी वाचायला लागले. पहिल्याच ओळीला मागून एक-दोघं फिसकन हसले. मी पुढचं वाक्य वाचलं, आणि दुसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "हूं."

आता मोठाच हशा झाला. पहिल्या रांगेतल्या अद्वैतनं वळून मायला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. माय शरमली आणि पदर तोंडावर धरून खाली बघू लागली. तिला तसं बघून माझी सगळी भीड मेली. मी माइकवरूनच म्हणाले, "माय, तू हूं म्हन. तुह्या हुंकाऱ्याबिगर मी एक ओळ वाचत नाही." आणि कागद खाली करून उभी राहिले.

मायनं पदर काढला. सगळ्या हॉलकडे एकदा पाहिलं. "हूं," ती म्हणाली.

मग मी वाचलं. अंगणात सांगायची तसं वाचलं. हसू कुठं विरलं ते कळलं नाही. कमलबाई सगळ्यांना वर पाठवते. खालून ओरडून सांगते, "मागं पाहू नका. मी येऊन राह्यली." पण ती येत नसते, आणि हे तिलाही ठाऊक असतं. तेवढं वाचून मी सवयीनं थांबले. हूं आला नाही. पाहिलं तर माय नुसती बघत होती, तिचे डोळे भरलेले. मी वाट पाहिली. आणि मग पहिल्या रांगेतून, जरा चुकतमाकत, घसा साफ करून आला, "हूं."

अद्वैत होता.

परत येताना रिक्षात मी मायला विचारलं, नेमकी तिथंच गप्प काऊन झाली? माय माझ्यावरच चिडली. "बाई तिथं मरून राह्यली, अन् मी हूं म्हनू? हूं म्हनलं असतं तर तू मारली असती तिले."

गजूला मी रेकॉर्डिंग पाठवलं. तो दुकानात ठिबकच्या नळ्या मोजत ऐकत होता. मी निघाले त्या दिवशी बॅग बसमध्ये चढवून देताना तो म्हणाला होता, "तू चालली पहिल्या मालिकेत. आमी दुसरीतले." हे वाक्य मी इतकी वर्षं बाळगून होते. आता मी त्याला फोनवर सांगितलं की मीही दुसरीतलीच आहे. ऐनवेळी येऊन वाचवणारं मला इथंही कुणी भेटलं नाही, माझी माणसं घेऊन मलाच उभं राहावं लागलं. मग पलीकडून आलं, "हूं. पुढं सांग."

घर कुठं, असं लोक विचारतात. लोणारची बस अजून आहे आणि मी सणावाराला जाते. पण मी माझ्या तोंडानं बोलते आणि समोरचा हूं म्हणतो, तिथं मी घरी असते. समोरच्यानं म्हटलं नाही, तरी मी निघून येत नाही. कागद खाली करते आणि उभी राहते.