बाजाराला मालक असतो

आमच्या बाई पाठ्यपुस्तकाशी भांडायच्या. मालवणच्या कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवत. मागणी-पुरवठ्याचे वक्र फळ्यावर काढून, ते छेदतात तिथे किंमत ठरते असं सांगत आणि लगेच आमच्याकडे वळून विचारत, "ह्या तुमका पटता?" प्राचार्यांसमोर शुद्ध बोलणाऱ्या बाई वर्गात रंगल्या की मालवणीवर येत.

माझ्या वर्गातल्या शमीमच्या आईने देवबागला घरातल्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या होत्या. गिऱ्हाईक अ‍ॅपवरून येई. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना आलेल्या एका कुटुंबाला ताजी सुरमई हवी होती. तिने नाही म्हणून सांगितलं आणि सुका बांगडा वाढला. त्यांनी जाताना अ‍ॅपवर पाचपैकी एकच तारा दिला. त्यानंतर तिच्या खोल्या अ‍ॅपवर दिसेनाशाच झाल्या. दिवाळीत शेजारची घरं भरली, तिची रिकामी राहिली. तक्रारीचा फोन केला की यंत्र बोलायचं.

शमीमने हे सांगितलं त्या दिवसापासून बाईंनी पुस्तक मिटलं. संगणकाचे सर, मानसशास्त्राच्या मॅडम आणि इतिहासाचे सर यांना त्यांनी आमच्या वर्गात बोलावलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या. अनोळखी माणसाच्या एका ताऱ्याला आपण का घाबरतो, ते मॅडमनी समजावलं. संगणकाचे सर म्हणाले, यात कुणाचा दुष्टपणा नसतो, यंत्र फक्त क्रम लावतं.

"पण मधी कोण बसलो आसा, ता सांगा," बाई म्हणाल्या.

"खोत," इतिहासाचे सर म्हणाले. जमीन कसणारा आणि सरकार यांच्यामध्ये बसून वसुली करणारा. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"बाजार मोकळो आसता म्हणान मी इतकी वर्सा शिकयलंय," त्या म्हणाल्या. "हंय तर बाजाराकच मालक आसा."

चार विषयांची ही खिचडी प्राचार्यांना मानवली नाही. वर्गप्रतिनिधी म्हणून मलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. अभ्यासक्रमात नाही ते बंद करा, असं त्यांनी बाईंना बजावलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "परीक्षेची जबाबदारी माझी, सर. पण ही मुलं उद्या ज्या बाजारात उभी राहणार, तो बाजार नाहीच असं मी शिकवणार नाही."

तो तास बंद झाला. मग कॉलेज सुटल्यावर शमीमच्या अंगणात भरू लागला. हळूहळू शेजारच्या बायकाही येऊन बसू लागल्या. एकीची खोली भरली की पाहुणा दुसरीकडे पाठवायचा, असं त्यांनी तिथेच ठरवलं आणि रस्त्यावर स्वतःच्या फोन नंबरांची पाटी लावली. काही जणी, अ‍ॅप आपल्यालाही वगळेल या भीतीने, मागे फिरल्या. तरी मे महिन्यात शमीमच्या घरी पाहुणे आले.

बाईंच्या निवृत्तीच्या, म्हणजे आमच्याही कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, तशाच एका अ‍ॅपच्या कंपनीचा माणूस कॉलेजात व्याख्यानाला आला. नव्या युगात प्रत्येक जण उद्योजक, असं तो तासभर सांगत होता. आभाराचं काम प्राचार्यांनी बाईंवर सोपवलं होतं. त्या माईकपाशी गेल्या आणि त्यांनी विचारलं, "एखादीचं घर तुमच्या पडद्यावरून नाहीसं झालं, तर तिने दाद कुणाकडे मागायची?"

तो हसला आणि हा विषय आपल्या विभागाकडे नाही म्हणाला.

"मग आभार उत्तर मिळाल्यावर मानते," असं म्हणून बाई खाली येऊन बसल्या. प्राचार्य घाईने उठले. तेवढ्यात मागून शमीम उभी राहिली आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती बसायच्या आत मी उभा राहिलो.