व्हय म्हाराजा

राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गोताड सर मालगुंडजवळच्या आपल्या गावी परतले आणि पहिल्याच शिमग्याच्या बैठकीत त्यांनी गावकीला विचारलं, "देवाची पालखी घरोघर जाते, मग खालच्या वाडीत का नाही?"

गावकीने सरांनाच वाळीत टाकलं. दुकानदार माल देईना, शेजारी हाकेला ओ देईना. ज्या वाडीसाठी विचारलं, तीही भेदरून गप्प. अरे मेल्यांनो, निदान वाटेत भेटल्यावर हसा तरी!

वर्गात सर ठासून सांगायचे, की नुसत्या अन्यायाने क्रांती होत नाही. 'हे नशीब नव्हे, हे कुणीतरी केलंय' हा विचार डोक्यात शिरावा लागतो; मग एक माणूस 'नाही' म्हणतो आणि तिथून सुरुवात होते. पोरं विचारायची, "मग सर, एवढा उशीर का लागतो?" त्यावर सर फळा पुसायला घ्यायचे. आता तर विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. घरापुढच्या खळ्यात कोंबड्या तेवढ्या फिरायच्या.

यंदाच्या शिमग्यात सर पडवीत एकटेच बसले होते. देवळाच्या कर्ण्यावरून गाऱ्हाणं ऐकू येत होतं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक मागणीला सगळ्या गावाने एका सुरात हो म्हणायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

"बा देवा म्हाराजा, जो कोन गावाच्या इरुद्ध गेला आसंल, त्याला ताळ्यावर आन!"

"व्हय म्हाराजा!"

गाव तिकडे ओरडलंच, पण एक आवाज अगदी कानाशी आला. सरांनी दचकून मागे पाहिलं.

पडवीत त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं, आणि त्यांचं तोंड अजून उघडंच होतं.