न उकळणारी बॅटरी

"हो कसलो डबो रे? पानां-सुपारी ठेवूक?"

"चार्जर तो, सुमंगलाबाय. ह्या ब्याटरींचो. गोरो म्हणालो, दुसऱ्या खंयच्या मशिनीर लावू नको."

"गोऱ्याक काय ठावक. तो दिसभर हरमलच्या दर्यार उताणो पडान आसता. ब्याटरी भरूक माझ्याकडे आणलंस मां? मग गप रव आणि चाय पी."

गुरुदासने चहाचा कप उचलला. सुमंगलाने तो पत्र्याचा डबा जनेलावर, खिडकीच्या कट्ट्यावर सरकवून ठेवला आणि पदर खोचला. त्या पदराला अ‍ॅसिडच्या थेंबांनी इतकी भोकं पाडली होती, की शेजारणी म्हणत, हिच्या लुगड्यातून तांदूळ चाळून घ्यावेत.

तिची खोली डिचोलीहून सर्वणला जाताना रस्त्याला लागूनच. नवरा मधुकर खाणीवर ट्रक चालवायला लागला आणि त्याचं बॅटरी भरायचं काम तिच्या अंगावर पडलं. गोवा राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. कोकणी की मराठी, यावरून डिचोलीच्या तिठ्यावर माणसं अजून एकमेकांकडे पाठ करून चहा पीत. सुमंगलाच्या खोलीला पाटीच नव्हती, म्हणून तिला कुणी काळं फासलं नाही. ती बोलायची ते माहेरचं, पेडण्याचं. दोन्ही बाजूंचे लोक त्याला नाक मुरडत आणि आपापल्या बॅटऱ्या तिच्याकडेच आणून टाकत.

भरायची तिची रीत एकच. ट्रकच्या बॅटऱ्या ओळीने मांडायच्या, एकीची तार दुसरीला जोडत न्यायची, टोपणं काढायची, पाणी घालायचं आणि मोठ्या मशीनचा कान पिळायचा. मीटरचा काटा कधीच मोडलेला. ती ऐकत बसे. आत बुडबुडे फसफसायला लागले की बॅटरी भरली. "भात आणि ब्याटरी," ती म्हणायची, "उकळी इली काय उतरायची." ट्रकवाले म्हणत, सुमंगला कानाने बॅटरी भरते. तिला ते ऐकायला आवडे.

गुरुदास तिच्या माहेरचा, मांद्र्याचा. जत्रेत माईक आणि दिवे लावायचा. गावच्या देवळाच्या कमिटीने कित्येक वर्षांचा जुना माईकवाला सोडून यंदाचा कालो, म्हणजे जत्रेतलं रात्रीचं दशावतारी नाटक, त्याला दिला होता, तोही उद्यावर आलेला. वीज जाणार हे ठरलेलंच. गेल्या वर्षी राजा बोलत असताना अंधार झाला आणि लोक उठून गेले. गुरुदासचाही तसाच अंधार झाला, तर पुन्हा त्याला कुणी देवळाच्या पायरीवर उभं केलं नसतं. म्हणून त्याने हरमलला एका गोऱ्याच्या राहत्या गाडीतल्या दोन बॅटऱ्या घेतल्या. गाडीचं इंजीन सुरू करायची बॅटरी वेगळी. या नुसत्या आतल्या दिव्या-पंख्याला. करड्या, गुळगुळीत आणि वर एकही टोपण नाही.

"पाणी खंयसून घालतत ह्येका?" तिने विचारलं.

"घालूचा नाय म्हणे."

"म्हणजे उपाशीच."

त्यातली एक तिने ट्रकच्या ओळीत बसवली. गुरुदास बाजारात तारा आणायला गेला. दुपारपर्यंत ट्रकच्या बॅटऱ्या फसफसायला लागल्या. करडी मुकी. तिने बाकीच्या सोडवल्या, करडीला एकटीला ठेवलं आणि मशीन वाढवलं. भात-हुमण जेवून आली. तरी आवाज नाही. अजून पोट भरलं नाही, असं तिने धरलं आणि आणखी वाढवलं.

मग ती कान देऊन वाकली. गालाला चुलीसारखी धग लागली. बॅटरीच्या कुशी गाभण म्हशीसारख्या फुगल्या होत्या. तिने हात लांब करून मशीन बंद केलं, दोन पावलं मागे सरली, आणि बॅटरीचं वरचं झाकण पत्र्यासारखं फाटकन उललं. सडक्या अंड्यांचा वास खोलीभर झाला. भिंतीवर ओली रेघ उमटली. मघाशी तिचा कान होता, त्या जागेवरूनच फवारा भिंतीवर गेला होता.

गुरुदास आला तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती. तारांचं भेंडोळं त्याच्या हातातच राहिलं.

"मेली?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. म्हणाली, "बोलली नाय रे. भरली तरी बोलली नाय."

"ती बोलनाच. बंद असता. गोऱ्यान सांगललान, तिका मोठो करंट सोसना नाय. त्या डब्याक कधी थांबूचा ता कळता म्हणान दिलान."

"माका सांगलंस?"

"सांगूक लागललंय. तू म्हणालंस, चाय पी."

इतकी वर्षं ज्या कानावर पोट चाललं, तो कान आज कामाचा नव्हता, आणि हे कळायला तो उडायचाच बाकी होता.

दुसरी करडी तशीच होती. तिचा हात सवयीने मोठ्या मशीनकडे गेला. "बारीक करान लावतंय," ती म्हणाली. काट्याकडे पाहिलं, तो मोडका. बारीक म्हणजे किती, हेही तिला आजवर कानच सांगत आला होता. तिने हात मागे घेतला आणि जनेलावरचा डबा काढला.

डब्याच्या जाड पिना इथल्या प्लगच्या भोकात जाईनात. तिने पिना कापल्या, तारा सोलल्या आणि काडेपेटीच्या काड्या कोंबून बसवल्या. तांबडा दिवा लागला.

"उद्याक भरात?" गुरुदासने विचारलं.

"ठावक नाय. माका ह्येतला कायच ठावक नाय." हे वाक्य तिच्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकलं. तो उठून बाहेर गेला.

ती बॅटरीच्या कुशीवर हात ठेवून बसली. कूस थंड होती, तरी उठायचा धीर होईना. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना तांबडा विझून हिरवा लागला. गुरुदासने बॅटरी उचलली.

जत्रा झाल्यावर तो जत्रेतलं गोड खाजं घेऊन आला. वीज दोनदा गेली होती. दिवे टिकले, माईक मात्र शेवटी शेवटी घोगरा झाला आणि राक्षस बिनमाईकचाच मेला. "लोक बसान रवले," तो म्हणाला. "कमिटीवालो म्हणालो, फुडल्या वर्साक दोन ब्याटऱ्यो आण."

"दोन होत्योच," सुमंगला म्हणाली.

बाहेर ट्रक थांबला. क्लीनरने बॅटरी आणून तिच्या पुढ्यात आपटली. तिने खाज्याची पुडी बाजूला ठेवली, बॅटरीच्या चारी बाजू हाताने चाचपल्या आणि टोपणं फिरवायला घेतली.