मिठाचा टॉवर

दयाराम म्हात्रे चौसष्ट वर्षांचे. राहणार कामोठे गावात, जुन्या वस्तीत. तीसेक वर्षं त्यांनी पनवेलच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. तेव्हापासून ते शाळांच्या भिंतींवर पाढे आणि फळं काढत.

गेल्या हिवाळ्यात नवीन पनवेलमधल्या एका चौतीस मजली टॉवरच्या सोसायटीनं त्यांना बोलावलं. सेक्रेटरी मनिषाताईंनी आवाराची लांब भिंत दाखवली आणि सांगितलं, सगळं पनवेल काढा, मधोमध आपला टॉवर. कसं काढायचं ते मात्र सांगितलं नाही. अशी मोकळीक दयारामांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती.

अठरा दिवसांनी भिंत पूर्ण झाली, तेव्हा बघणारे गोंधळले. इमारती पाण्यावर होड्यांसारख्या दोरांनी बांधलेल्या. कर्नाळ्याचा सुळका मान वाकवून एका गच्चीत डोकावतोय. आणि मधला टॉवर अख्खा मिठाचा, पांढराशुभ्र, मिठागराच्या वाफ्यातून वर आलेला.

कमिटीतले नीलेश ठाकूर नाराज झाले. मिठाचा टॉवर म्हणजे विरघळणारा टॉवर, फ्लॅट बघायला येणाऱ्यांनी काय समजायचं, असं त्यांनी बैठकीत विचारलं. भिंत सरळ पुसून टाकावी, असंही सुचवलं. दयाराम मागे उभे होते. लहानपणी ते वडिलांबरोबर मिठागरात मीठ ओढायला जात.

"मीठ पान्यात जातं, पन उन्हात परत वर येतं," ते म्हणाले. "आमी दरसाल बगितलंय. पुसायचं असंल तर पुसा, माजी ना नाय."

मग मनिषाताई म्हणाल्या, आठवडाभर राहू दे, लोक काय म्हणतात बघू.

लोक भिंतीपाशी येऊन मजले मोजू लागले. अकराव्या मजल्यावरच्या रूपा नावाच्या नर्सला आपली खिडकी सापडली. तिनं विचारलं, हिच्यात माझ्या चिरनेरच्या घरचा चाफा काढता येईल का? दयारामांनी तिथल्या तिथं काढला, मुळं खिडकीतून तीन मजले खाली सोडलेला. दुसऱ्या दिवशी सात जण आले. कुणाला म्हैस हवी होती, कुणाला वडिलांची सायकल, एका जोडप्याला अख्खा समुद्र. पुसण्याचा विषय परत निघाला नाही. नीलेशरावांनी आपली खिडकी बंद काढायला सांगितली आणि ती नीट बंद झालीय ना, हे दोनदा येऊन पाहिलं.

अजून बऱ्याच खिडक्या रिकाम्या आहेत. दयाराम रविवारी सकाळी ब्रश घेऊन येतात. कधी बायको वेणू डबा घेऊन सोबत असते. एकदा तिनं विचारलं, यात तुमचं नाव कुठं हाय? त्यांनी इतकी वर्षं फक्त दुसऱ्यांची नावं लिहिली होती. त्या दिवशी त्यांनी खालच्या कोपऱ्यात स्वतःचं लिहिलं, पिवळ्या रंगात, दुकानाच्या पाटीला देत तशी सावली देऊन. त्यात सगळी सकाळ गेली. वेणू तोवर कट्ट्यावर बसून बघत होती.