टेबलाखालची वायर

गाणं थांबवायची कळ मी दाबली आणि गाणं थांबलं नाही. पुन्हा दाबली. गाणं चालूच. समोर सभागृह टाळ्या वाजवत होतं.

धुळ्याची आमची शाळा. संगणक कक्षाचं उद्घाटन. संगणक देणारे रावेरचे केळीचे व्यापारी पहिल्या रांगेत. नातवंडांनो, फोनवर हे मी तुमच्या आईला, माझ्या लेकीला, सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

पंचेचाळिसाव्या वर्षी माझे डोळे गेले. तोवर वीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. मग शाळेनं मला एकही तास दिला नाही. ग्रंथालयात एक खुर्ची दिली. बसा म्हणाले. बसले.

तुमच्या आईनं पाठवलेल्या सीडीतला प्रोग्राम पडद्यावरचं वाचून दाखवायचा. संगणक उद्घाटनाच्या बरेच आधी आले होते; त्यातल्या एकावर तो बसवला. दुपारी दोनचा एक तास मला मिळाला. गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये मात्र तो अडायचा. तिथली बटणं म्हणजे नुसती चित्रं, त्यांना नावं नव्हती. 'ग्राफिक, ग्राफिक' एवढंच म्हणायचा. मी एकेक कळ दाबून पाहिली. एक्स म्हणजे सुरू, व्ही म्हणजे बंद, बी म्हणजे पुढचं गाणं. तीन महिने लागले. डोळे गेल्यापासून कुणाला न विचारता केलेली ती पहिली गोष्ट.

उद्घाटनाला मी गाणं वाजवून दाखवायचं ठरलं. त्याआधी संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "बाई, तो बोलका आवाज तेवढा बंद ठेवू. पाहुण्यांना बडबड वाटेल." मी हो म्हटलं. ती माझी चूक. आवाज गेला आणि मी दुसऱ्यांदा आंधळी झाले.

माझ्या खुर्चीमागं शिपाई यमुनाबाई उभ्या होत्या. कानाशी वाकून म्हणाल्या, "बाई, वायर ते खाले पडेल शे."

मी हात कीबोर्डच्या मागं नेला. कीबोर्डची वायर टेबलाखाली मोकळी लोंबत होती. स्टेजच्या पडद्यामागं संगणकाचे सर माऊस धरून बसले होते, हेही यमुनाबाईंनीच सांगितलं. मी चुकेन म्हणून.

शाल आली. सेक्रेटरी माईकवर म्हणाले, "बघा, डोळे नसून बाईंनी कसं वाजवलं."

मी शाल बाजूला सारली. "मी वाजवलं नाही. वायर जोडा, आवाज लावा. मग वाजवते."

माईक बंद झाला. सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "मान दिला तर घेता येत नाही का? आंधळ्या माणसाचं एवढं कोण करतं?"

मागून कुणी तरी हसलं. "गाणं वाजलं ना, मग झालं. बाईंना काय दिसणार आहे?"

वायर कुणीही जोडली नाही.

दुसऱ्या दिवशी माझा तास बंद झाला. प्रोग्राम काढून टाकला. मुलांना त्रास होतो म्हणाले. मुलं त्या तासाला कधी तिथं नव्हतीच. मी पुन्हा ग्रंथालयात, त्याच खुर्चीत. यमुनाबाईंची बदली झाडलोटीवर झाली. तेही माझ्यामुळं.

तीन अर्ज दिले. उत्तर नाही. येईल असं मला वाटतही नाही.

रोज दुपारी दोन वाजता मी भिंतीला हात लावत त्या कक्षापर्यंत जाते. कुलूप हाताला लागतं. परत येते.

चौथा अर्ज उद्या देते आहे. त्यात दोनच ओळी आहेत. प्रोग्राम परत बसवा. वायर मी माझ्या हातानं जोडीन.