बोरवस्तीचं नाव

करकंबच्या बसमध्ये ते आजोबा मला नेहमी भेटतात. गुडघ्यावर धोतर, मांडीवर रिकामी पिशवी. बोरवस्तीत आता ते एकटेच राहतात. बाकीची घरं कुलूप लावून पुण्याला गेली. रस्ता रुंद करताना वस्तीची पाटी काढली, ती परत लावलीच नाही. म्हणे, तिथं माणसं नाहीत! मग हे आजोबा काय बुजगावणं आहेत? मी अर्ज दिले, पत्रकं वाटली, बांधकाम खात्यातल्या साहेबांशी भांडलो. पाटी आली नाही.

आजोबांची रीत वेगळी. वस्तीपाशी गाडी थांबली तरी ते हलत नाहीत.

"उतरा की म्हातारबा," कंडक्टर करवादतो. "सोताचं गाव ठावं न्हाय व्हय?"

"हाय की. पर तू नाव घे."

"बोरवस्तीऽऽ!"

सगळी गाडी हसते. मगच ते उठतात.

काल कंडक्टर नवा होता. त्याला वस्तीचं नावच माहीत नव्हतं. गाडी न थांबता पुढं निघाली आणि आजोबा खिडकीबाहेर बघत बसून राहिले. मीच उठलो आणि मोर्चातल्यासारखा ओरडलो, "बोरवस्ती!"

गाडी थांबली. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लई मोट्यानं वरडलास, पोरा. तितं ऐकायला कोन हाय?"